बाकावर बसून कोणी शिकत नाही

मी बास्केटबॉल कधीही खेळलेलो नाही. आमच्या शाळेच्या मैदानाच्या एका कडेला त्या खेळाचे दोन खांब उभे असत, आणि आम्ही मुले त्यांचा उपयोग दप्तरे टेकवून ठेवण्यासाठी करीत असू. असे असूनही गेली काही वर्षे मी एका बास्केटबॉल संघाचा मालक, व्यवस्थापक आणि शिक्षक असा तिहेरी कारभार पाहत आहे, हे सांगितले तर माझे जुने सोबती पोट धरून हसतील. त्यांनी खुशाल हसावे. संघ खरा नाही. त्यातले खेळाडूही हाडामांसाचे नाहीत. ते सारे इंटरनेटवरच्या ‘बझरबीटर’ नावाच्या एका खेळात राहतात. पण त्यांनी मला जे शिकवले ते मात्र खरे आहे, आणि तेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

या प्रकरणाची सुरुवात 2020 सालच्या टाळेबंदीत झाली. माझा भाचा आमच्याकडे अडकून पडला होता. तो दिवसभर संगणकासमोर बसून कसलीशी कोष्टके न्याहाळी. एके दिवशी न राहवून मी विचारले, “काय रे, परीक्षेचा अभ्यास एवढ्या तन्मयतेने कधी केला होतास का?” तो म्हणाला, “मामा, तुम्ही आयुष्यभर पोरे शिकवलीत ना? मग ही अठरा वर्षांची पोरे शिकवून दाखवा. एक चांगला पॉइंट गार्ड तयार करून दाखवा, मग मी अभ्यासाला बसतो.”

आव्हान मराठीच्या प्राध्यापकाला होते. मी खुर्ची पुढे ओढली.

पंगतीतला वाढपी

बास्केटबॉलचा जन्म 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात बंद दालनात मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या, आणि या खेळाला आरंभ झाला. म्हणजे हा खेळ मुळात एका मास्तरानेच काढलेला आहे. तेव्हा मास्तरांनी त्यात लक्ष घालणे अगदीच वावगे नाही.

एका बाजूला पाच खेळाडू असतात. सर्वांत उंच तो सेंटर. तो टोपलीजवळ उभा राहतो. दोन फॉरवर्ड, आणि दोन गार्ड. या दोन गार्डांपैकी चेंडू घेऊन जो पुढे येतो, कोणाला केव्हा पास द्यावयाचा हे जो ठरवतो, तो पॉइंट गार्ड. मला विचाराल तर हा पंगतीतला वाढपी आहे. कोणाच्या पानात काय संपले, कोण लाजून मागत नाही, कोणाला आग्रह करावयाचा आणि कोणाला नाही, हे सारे त्याला न सांगता कळावे लागते. स्वतःच्या जेवणाचा विचार त्याने शेवटी करावयाचा. अमेरिकेतील व्यावसायिक खेळात जॉन स्टॉकटन नावाचा असा एक वाढपी होऊन गेला. 1984 पासून 2003 पर्यंत, एकाच संघाकडून एकोणीस हंगाम खेळून, त्याने 15,806 वेळा दुसऱ्याच्या हातून गुण करविले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

असा वाढपी घडवावयाचा म्हणजे त्याला चार गोष्टी मुख्यतः आल्या पाहिजेत. चेंडू हातातून सुटू न देणे, अचूक पास देणे, समोरच्याला चकवून आत मुसंडी मारणे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या गार्डाला दूरवरच रोखणे. याखेरीज उडी मारून फेक करता आली तर सोन्याहून पिवळे. बझरबीटरमध्ये यांतले प्रत्येक कौशल्य स्वतंत्रपणे मोजलेले असते, आणि आठवड्यातून एकदाच ‘सराव’ होतो. त्या एका सरावात संपूर्ण संघाला एकच विषय शिकवता येतो. या आठवड्यात पास म्हटले की पासच! इकडे थोडे, तिकडे थोडे, ही सोय नाही. एक कौशल्य शिकवताना शेजारच्या एखाद्या कौशल्यालाही थोडा ओलावा पोहोचतो, एवढीच सवलत. त्यामुळे शिक्षकाला आधी वर्षाचा अभ्यासक्रम आखावा लागतो, आणि त्याहून कठीण म्हणजे तो पाळावा लागतो.

विशेषणांची उतरंड

मला या खेळाची गोडी लागली ती मात्र भाषेमुळे. खेळाडूचे कौशल्य येथे शब्दांत सांगितलेले असते, अगदी तळापासून वीस पायऱ्यांची विशेषणे! मी त्यांची मराठी करून एका वहीत लिहून ठेवली आहेत. सर्वांत खाली ‘भयानक’; मग ‘केविलवाणा’; मग ‘वाईट’; मग ‘अजागळ’. पाचव्या पायरीवर ‘सुमार’ आणि सहाव्या पायरीवर ‘सरासरी’. सुमार हा सरासरीपेक्षा एक पायरी खाली असतो, हा बारकावा आमच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनीही ध्यानात घेण्यासारखा आहे. असे चढत चढत आपण विसाव्या पायरीवर पोहोचतो. तिथला शब्द आहे ‘दंतकथेत शोभेलसा’.

यात आणखी एक मौज आहे. दोन पायऱ्यांमधली प्रगती दिसत नाही. मुलगा ‘अजागळ’ असतो. तुम्ही त्याला एक आठवडा शिकवता, तो अजागळच. दुसरा आठवडा, तरीही अजागळ. तुमचा धीर सुटू लागतो. आणि मग एके सकाळी संगणक उघडावा तर तो एकदम ‘सुमार’ झालेला असतो! तो त्या रात्रीत सुमार झालेला नसतो. मागचे सगळे आठवडे तो होतच होता, फक्त ते आपल्याला दिसत नव्हते. ज्याने वर्गात व्याकरण शिकवले आहे त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ड्राफ्टमधून आणि बाजारातून मी तीन अठरा वर्षांची मुले मिळवली. त्यांची नावे परदेशी आणि जिभेला न झेपणारी. म्हणून घरात त्यांना बुटका, लंबू आणि तिसरा असेच म्हटले जाई. माझी पत्नीदेखील स्वयंपाकघरातून विचारी, “अहो, तुमचा बुटका आज तरी पास झाला का?”

उंचीची गोष्ट सांगितली पाहिजे. या खेळात बुटक्या मुलाला गार्डाची विद्या लवकर येते आणि उंच मुलाला टोपलीखालची. पण सामन्यात नुसत्या उंचीला किंमत नाही. अंगी जे मुरले असेल त्यालाच किंमत. म्हणजे उंच मुलाला पास देणे शिकवावयाचे तर वेळ अधिक लागतो, पण एकदा शिकला की तो कोणापेक्षाही कमी नसतो. खऱ्या मैदानावरही 160 सेंटिमीटर उंचीचा मगसी बोग्स आणि 206 सेंटिमीटर उंचीचा मॅजिक जॉन्सन हे दोघेही पॉइंट गार्डच होते.

अठ्ठेचाळीस मिनिटांचे गणित

आता मुख्य मुद्दा. सरावाचा विषय तुम्ही ठरवता; पण तो कोणाच्या अंगी लागतो? संघात नुसते नाव असलेल्याच्या नव्हे. त्या आठवड्याच्या सामन्यांत जो त्या जागेवर प्रत्यक्ष खेळला, त्याच्याच! पॉइंट गार्डाची विद्या हवी तर पॉइंट गार्डाच्या जागी अठ्ठेचाळीस मिनिटे खेळले पाहिजे. कमी खेळला तर त्या मानाने कमी शिकतो. आणि बाकावर बसून राहिला तर काहीच शिकत नाही. तुम्ही कितीही नामांकित शिक्षक पगार देऊन ठेवा, बाकावरच्या मुलापर्यंत त्याचा आवाज पोहोचत नाही.

सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. आठवड्यात सामने तीन. म्हणजे एका जागेची मिनिटे झाली एकशे चव्वेचाळीस, आणि पूर्ण शिक्षण घेऊ शकणारे विद्यार्थी फक्त तीन. दोन्ही गार्डांच्या जागांवर सराव पसरला तर सहा मुले बसतात, पण मग प्रत्येकाची चाल मंदावते. वर्ग मोठा केला की शिकवणे पातळ होते, हे सत्य शिक्षणखात्याआधी या खेळाने ओळखलेले दिसते.

बरे, खेळाडूला फार खेळवले तर तो थकतो, फारच कमी खेळवले तर गंजतो. आठवड्याला साधारण पन्नास ते पंचाहत्तर मिनिटे ही त्याला मानवतात. त्यात फाऊल भरून मुलगा बाहेर गेला की सगळा हिशेब कोलमडतो. एकदा लंबू सेहेचाळीस मिनिटांवर बाहेर आला. उरलेल्या दोन मिनिटांसाठी मी जेवणाच्या ताटावर हळहळत बसलो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, तुमच्या तासाला मुले दहा-दहा मिनिटे उशिरा येतात, तेव्हा एवढे वाईट वाटते का हो?”

यावर मला उत्तर सुचले नाही. पण मग सहज मनात आले की आमच्या महाविद्यालयातला तासही अठ्ठेचाळीस मिनिटांचाच असतो.

या आठवड्यापुरते

तीन सामन्यांपैकी एक बहुधा मैत्रीचा असतो. तिथे हरले तरी कोणी विचारत नाही. पण उरलेले दोन लीगचे असतात. याचा अर्थ असा की तिघांपैकी दोन मुलांना शिकवावयाचे तर ज्याला धड चेंडू सांभाळता येत नाही अशा अठरा वर्षांच्या पोराच्या हाती लीगचा आख्खा सामना सोपवावा लागतो. तो चेंडू घालवतो, पास भलतीकडे देतो, आणि त्याच्यामुळे तुम्ही हरता. शिकवण्याची किंमत ही अशी रोख मोजावी लागते.

पहिल्या हंगामात मी ती निमूटपणे मोजली. आमच्या लीगमध्ये सोळा संघ. आठ-आठांचे दोन गट. हंगामाचे सामने बावीस. सहा आठवडे उरले असताना आम्ही गटाच्या तळाशी होतो, आणि तळाशी राहणारा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जातो. माझ्याकडे तेहेतीस वर्षांचा एक अनुभवी गार्ड होता. मी ठरवले, या आठवड्यापुरते त्याला खेळवू. बुटक्याला बाकावर बसवले. सामना आम्ही चार गुणांनी जिंकलो.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच प्रसंग. पुन्हा म्हटले, या आठवड्यापुरते. वाचकहो, ‘या आठवड्यापुरते’ हे शब्द फार मायावी आहेत! सहाही आठवडे ते मी स्वतःला ऐकवले. लंबू आणि तिसरा मैत्रीच्या सामन्यात मिनिटे वाटून घेत. बुटक्याच्या वाट्याला उष्टीखरकटी येत. आमचा संघ तरला. मी भाच्यापुढे मिशीला पीळ दिला.

नवा हंगाम उजाडला तेव्हा हिशेब पुढे आला. म्हातारा गार्ड एका वर्षाने आणखी म्हातारा झाला होता, आणि त्याला विकत घ्यायला कोणी तयार नव्हते. बुटका एकोणीस वर्षांचा झाला होता. या खेळात अठराव्या वर्षी मूल जितक्या वेगाने शिकते तितक्या वेगाने पुढे कधीच शिकत नाही. दर वर्षी तो वेग उतरत जातो. गमावलेले सहा आठवडे नंतरच्या सहा आठवड्यांनी भरून येत नाहीत. जुना चालेना, नवा तयार नाही, अशा अवस्थेत आम्ही पुढचा हंगाम खेळलो, आणि जे टाळण्यासाठी मी एवढा आटापिटा केला होता तेच झाले. आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो.

तिथे मात्र मी शहाणा झालो. तिघांनाही नेमाने त्यांची मिनिटे दिली. हरलो तर हरलो. बुटका हळूहळू ‘सुमार’वरून ‘सरासरी’वर आणि तिथून पुढे ‘भक्कम’वर चढला. दोन हंगामांनी आम्ही परत वरच्या लीगमध्ये आलो, तेव्हा चेंडू त्याच्याच हातात होता.

कपाळावरचा शब्द

एवढ्यावरच गोष्ट संपली असती तर हा लेख मी लिहिला नसता. पण तिसऱ्याची हकीकत राहिली आहे.

या खेळात प्रत्येक मुलाच्या कपाळावर आणखी एक शब्द छापलेला असतो, तो म्हणजे त्याची कमाल मर्यादा. हा मुलगा जास्तीत जास्त कुठवर जाईल, हे अठराव्या वर्षीच सांगून टाकलेले असते. त्या मर्यादेजवळ तो आला की शिकवणे दगडावर पाणी ओतल्यासारखे होते. या शब्दांच्याही बारा पायऱ्या आहेत. सर्वांत वर ‘सर्वकाळातला थोर’. सर्वांत खाली ‘निवेदक’, म्हणजे याने मैदानात उतरू नये, बाहेर बसून दुसऱ्यांच्या खेळाचे वर्णन करावे! त्याच्या वर ‘बाक उबवणारा’. चौथ्या पायरीवर ‘सहावा गडी’, म्हणजे पाच जणांत ज्याची जागा नाही तो.

आमचा तिसरा हा ‘सहावा गडी’ होता. शिकत मात्र छान होता. भाचा म्हणाला, “मामा, त्याला आता विका. त्याच्यात पुढे काही नाही. ती अठ्ठेचाळीस मिनिटे दुसऱ्याला द्या.” हिशेबाने पाहिले तर त्याचे म्हणणे सोळा आणे खरे होते. मी तिसऱ्याला बाजारात मांडले, आणि तो विकलाही गेला.

त्याच महिन्यात एका लग्नाला तालुक्याच्या गावी गेलो होतो. तिथल्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन एक तिशीतला गृहस्थ करीत होता. आवाज स्वच्छ, शब्द नेमके, विनोद संयमी. कुठे थांबावे हे कळणारा. कार्यक्रम संपल्यावर तो वाकून नमस्कार करीत म्हणाला, “सर, ओळखलंत का? मी तुमचाच विद्यार्थी. तीन वर्षं तुमच्या वर्गात होतो.” मला चेहरा आठवेना. मी अवघडून म्हटले, “तुझा आवाज इतका चांगला आहे हे मला कधी कळलेच नाही रे.” तो हसला आणि साधेपणाने म्हणाला, “कसं कळणार, सर? तीन वर्षांत तुम्ही मला एकदाही उभं राहून वाचायला सांगितलं नाहीत.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते.

परतीच्या एसटीत मी तेवढाच विचार करीत बसलो. माझ्या तासाला धडा वाचणारी मुले कोण? दोन-तीन ठरलेली. वक्तृत्व स्पर्धेला कोण जाणार? जो मागच्या वेळी ढाल घेऊन आला तोच. का? कारण आपल्याला यंदाही ढाल हवी असते. ‘यंदापुरते’ म्हणत म्हणत वीस वर्षे निघून गेली. बाकीची मुले बाकावर होती, अगदी अक्षरशः बाकावर, आणि मी समजत होतो की ती शिकत आहेत.

मग आठवला तो कपाळावरचा शब्द. खेळात तो खेळ बनवणाऱ्यांनी छापलेला असतो, आणि तो खराच असतो. म्हणून तिसऱ्याला विकले यात माझे काही चुकले नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलाच्या कपाळावर तो कोणी छापला होता? दहावी-बारावीच्या टक्क्यांवरून, कपड्यांवरून, बोलीवरून, मीच तो मनातल्या मनात लिहून टाकला होता. खऱ्या मैदानावर असे शब्द कितीदा खोटे ठरले आहेत! 1984 च्या ड्राफ्टमध्ये स्टॉकटनच्या आधी पंधरा जण निवडले गेले होते. 1996 साली स्टीव्ह नॅशच्या आधी चौदा जण निवडले गेले. पुढे 2005 आणि 2006 या लागोपाठच्या वर्षी हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो नॅशचा. आणि सर्बियाचा निकोला योकिच तर 2014 साली एकेचाळिसावा होता. सेंटरच्या उंचीचा हा गडी पॉइंट गार्डासारखे पास देतो, आणि 2021, 2022 व 2024 असा तीनदा तो त्या सन्मानाचा मानकरी झाला. त्याच्या आधी ज्या चाळीस जणांना निवडले, त्यांना निवडणारे लोक काही मूर्ख नव्हते. त्यांना तो शब्द दिसत नव्हता, एवढेच. तो कोणालाच दिसत नसतो.

तेव्हापासून माझ्या हजेरीपटाशेजारी एक साधी वही असते. कोणी, कोणत्या तारखेला, किती वेळ उभे राहून वाचले अथवा बोलले, याची ती नोंद आहे. साठ मुले आणि अठ्ठेचाळीस मिनिटे, हे गणित बझरबीटरच्या गणिताहून कठीण आहे. कोणी अडखळते, कोणी लाजून गप्प बसते, तासाचा रंग जातो, आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून विभागप्रमुख आठी घालतात. गेल्या वर्षीची ढालही आली नाही.

“मामा, हरायला लागलात,” भाचा फोनवर म्हणाला.

मी म्हटले, “अरे, मिनिटे देतो आहे.”

परवा शेवटच्या बाकावरची एक मुलगी वाचावयास उभी राहिली. पहिल्या वेळी तिच्याने चार ओळी धड वाचवल्या नव्हत्या. दुसऱ्या वेळी सहा. परवाही मध्येच थांबली, पुन्हा सुरुवात केली आणि उतारा शेवटपर्यंत नेला. माझ्या वीस पायऱ्यांच्या वहीत ती अजून ‘सुमार’च्याच पायरीवर असेल. पण दोन पायऱ्यांच्या मधली प्रगती दिसत नसते, हे आता मला ठाऊक आहे. पुढच्या सोमवारी तिचे नाव पुन्हा लिहिलेले आहे.